एफ-१ विद्यार्थ्यांचा रोजगार (अमेरिका)

अमेरिकेत एफ-१ दर्जावर पूर्णवेळ शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला कुठे, किती आणि कोणाच्या परवानगीने काम करता येते, हे ठरवणारी नियमव्यवस्था. हा दर्जा १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यातून येतो. कामाचे तपशील अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमावलीत आहेत. २०२३–२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ झाली आणि भारताने चीनला मागे टाकले. त्यांपैकी ९७,५५६ जण शिक्षण संपवून ‘ओपीटी’वर, म्हणजे आपल्या विषयातल्या कामाच्या मुदतबंद परवानगीवर होते. पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून एमएस करायला जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी सीपीटी (शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम), ओपीटी, ईएडी (कामाच्या परवान्याचे कार्ड) ही अक्षरे आता रोजच्या बोलण्यात असतात.

या नियमांच्या मुळाशी एक गृहीतक आहे: विद्यार्थी शिकायला येतो, त्याला कमावण्याची गरज नाही. म्हणून विद्यापीठ आय-२० हे पत्र देण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवायला सांगते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीच्या वेळीही त्याबद्दल विचारणा होऊ शकते. घर तारण ठेवून काढलेले शैक्षणिक कर्ज तिथे उपलब्ध निधी म्हणून चालते. ते फेडायचे कशातून, हा प्रश्न नियमांच्या कक्षेत येत नाही. कामाची जवळजवळ प्रत्येक परवानगी शिक्षणाचा भाग म्हणून दिली जाते, तर कर्जदार कुटुंबासाठी तीच वर्षे परतफेडीची असतात. या दोन हिशेबांतली ओढाताण संपूर्ण व्यवस्थेत जाणवते.

व्हिसा आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्टवरचा व्हिसा देशाच्या दारापर्यंत नेतो. कामाचा हक्क आत आल्यावर टिकवलेल्या दर्जावर अवलंबून असतो.

पूर्वपीठिका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळेल ते काम करत शेतीशास्त्र शिकले, तेव्हा असे नियम नव्हते. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने विद्यार्थ्यांना देशनिहाय कोट्याबाहेरचा वेगळा वर्ग दिला. १९४७ च्या नियमात शाळेच्या शिफारशीवरून सहा महिन्यांचे व्यावहारिक प्रशिक्षण आणि त्याला दोन वेळा मुदतवाढ अशी सोय झाली. तिला ओपीटीचे आजचे रूप १९९२ मध्ये मिळाले. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर देखरेख कडक झाली आणि २००३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ‘सेव्हिस’ या संगणकीय प्रणालीत ठेवली जाऊ लागली. विद्यापीठाच्या वतीने ही नोंद सांभाळणारा अधिकारी म्हणजे डीएसओ. नोकरीचा विचार मनात आला की पहिली भेट त्याची घ्यावी.

आवारातील काम. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. पहिल्या दिवसापासून चालणारी ही एकमेव मोठी सवलत आहे आणि तिला स्थलांतर खात्याचे वेगळे कार्ड लागत नाही. डायनिंग हॉलमध्ये भांडी घासणे, ग्रंथालयाच्या टेबलावर रात्रपाळी करणे, पदवीच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणे, हे सगळे यात बसते. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांसाठीच चालणारे खासगी उपाहारगृह किंवा पुस्तकांचे दुकानही चालते. टीए (अध्यापन साहाय्यकाची जागा) किंवा आरए (संशोधन साहाय्यकाची जागा) मिळाली तर सहसा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते, म्हणून तिच्यासाठी सगळ्यांची धडपड असते. पण ती २० तासांची असेल तर आठवड्याची मर्यादा तिथेच भरते. वर ग्रंथालयात पाच तास केले तरी ते उल्लंघनच. कामाचे पत्र हातात पडल्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी अर्ज करता येतो.

सीपीटी. शिक्षण चालू असताना आवाराबाहेर, अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून केलेले काम. बहुतेकांच्या बाबतीत उन्हाळी इंटर्नशिप. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर डीएसओ ही परवानगी देतो आणि ती आय-२० च्या दुसऱ्या पानावर कंपनीचे नाव, तारखा व पूर्णवेळ की अर्धवेळ या तपशिलासह छापली जाते. काम त्याच कंपनीत, त्याच तारखांच्या आत करायचे. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक झाली, तर त्या पातळीवरची ओपीटी हातची जाते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पहिल्या दिवसापासूनच प्रत्यक्ष कामाची गरज असेल, तर वर्षभर थांबण्याची अट सुटते. ‘डे-वन सीपीटी’चा धंदा या फटीतून उभा राहिला. ओपीटी प्रत्येक पातळीवर एकदाच मिळते. दुसरे एमएस केले तरी ती पुन्हा मिळत नाही. त्यामुळे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव न लागलेले पदवीधर असे अभ्यासक्रम शोधतात. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, तेव्हा तिथले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय निघाले. काहींच्या घोट्याला हालचाल टिपणारे पट्टे बांधले गेले आणि भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. २०१९ मध्ये उघड झालेले मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारी यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारले होते: वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, फी मात्र घेतलेली. तिथेही बहुतेक भारतीयच होते. यांतल्या सगळ्यांना निष्पाप म्हणता येणार नाही, पण सरकारी यादीतले नाव पाहून विश्वास ठेवणाऱ्या तरुणांना सापळ्यात ओढणे प्रस्तुत लेखकाला अन्यायाचे वाटते. जिथे वर्गात बसावे लागत नाही अशी जाहिरात होते, तिथे प्रवेश घेऊ नये.

ओपीटी. प्रत्येक शैक्षणिक पातळीवर १२ महिने, आपल्या विषयाशी संबंधित काम. अभ्यास चालू असतानाही ती घेता येते, पण बहुतेक जण पदवीनंतरसाठी राखून ठेवतात. अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. शिवाय डीएसओची शिफारस सेव्हिसमध्ये चढल्यापासून ३० दिवसांच्या आत आय-७६५ हा ईएडीचा अर्ज दाखल व्हावा लागतो. ही तिसावी तारीख हुकल्यास अर्ज नाकारला जातो. ईएडी कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एक दिवसही काम करायचे नाही.

तिथून दुसरे घड्याळ सुरू होते. संपूर्ण ओपीटीत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही आणि त्यात शनिवार-रविवारही मोजले जातात. काम मिळाले नसेल तर आठवड्याला २० तास विनावेतन स्वयंसेवा करूनही हे घड्याळ थांबवता येते, मात्र ती विषयाशी संबंधित आणि कामगार कायद्यात बसणारी हवी. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट करून घेणारा मालक यात बसत नाही.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित, म्हणजे ‘स्टेम’ विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती. २०१५ मध्ये न्यायालयाने प्रक्रियेतील दोषावरून ती रद्द ठरवली आणि मे २०१६ पासून नवा, २४ महिन्यांचा नियम आला. त्यालाही अमेरिकी तंत्रज्ञांच्या संघटनेने आव्हान दिले, पण २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने नियम उचलून धरला. मालक ‘ई-व्हेरिफाय’ या कर्मचाऱ्यांची कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेला असावा लागतो, आय-९८३ या नमुन्यात प्रशिक्षणाची योजना द्यावी लागते आणि पगार स्थानिक कर्मचाऱ्यांच्या तोडीचा असावा लागतो. बेकारीची एकूण मर्यादा १५० दिवसांवर जाते.

पदवी स्टेम आहे की नाही हे तिच्या सीआयपी या सांकेतिक क्रमांकावरून ठरते, नावावरून नाही. एका विद्यापीठाचे अर्थशास्त्र साध्या क्रमांकाखाली, तर दुसऱ्याचे गणिती अर्थशास्त्राच्या क्रमांकाखाली नोंदलेले असू शकते. पहिल्याला एक वर्ष, दुसऱ्याला तीन. प्रवेश स्वीकारण्याआधी हा क्रमांक विद्यापीठाला विचारून घ्यावा. कन्सल्टन्सीवाले तो आपणहून सांगतीलच असे नाही.

ओपीटीनंतर बहुतेकांचे लक्ष एच-१बी कडे असते. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० आहे. निवड झाली पण ओपीटी आधी संपली, तर मधला काळ ‘कॅप-गॅप’ने सांधला जातो. जानेवारी २०२५ पासून ही सोय १ ऑक्टोबरऐवजी त्यापुढच्या १ एप्रिलपर्यंत चालू शकते.

इतर बाबी. अनपेक्षित आर्थिक संकट, उदाहरणार्थ घरातल्या कमावत्या व्यक्तीचा मृत्यू, कोसळल्यास एका शैक्षणिक वर्षानंतर आवाराबाहेर २० तास कामाची परवानगी मागता येते. मात्र तिच्यासाठी ईएडी लागते. विद्यार्थ्याबरोबर एफ-२ या अवलंबितांच्या दर्जावर गेलेल्या पती किंवा पत्नीला काम करता येत नाही. विनिमय कार्यक्रमांवरील जे-१ विद्यार्थ्यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांच्या जोडीदाराला परवानगी घेऊन काम करता येते.

विनापरवाना काम हा यातला सर्वात जड दोष मानला जातो. किराणा दुकानात रोखीवर केलेल्या कामाची नोंद कुठे होत नाही असे जुने विद्यार्थी नव्यांना सांगतात, आणि मालकाने पगार बुडवला तरी तक्रार करायची सोय उरत नाही ही बाजू गाळतात. इतर काही कारणांनी गेलेला दर्जा अर्ज करून परत मिळू शकतो. विनापरवाना काम केलेल्याला ते दार बंद असते.

करांच्या बाबतीत मात्र नियम विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत. पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी म्हणून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांचे मिळून पगारातून ७.६५ टक्के कापले जाऊ नयेत. ते अनेक मालक अजाणतेपणी कापतात. आधी त्यांच्याकडेच परत मागावेत, नाही मिळाले तर ८४३ क्रमांकाच्या अर्जाने कर खात्याकडे. शिवाय भारत-अमेरिका कर-करारातील कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना नाही. उत्पन्न शून्य असले तरी आपला अनिवासी विद्यार्थी दर्जा कर खात्याला कळवणारा ८८४३ हा नमुना दरवर्षी भरायचा असतो.