सिंगापूरला बंकर घेताना: परवाना, कागदपत्रे आणि सही

बंकरिंगमध्ये, म्हणजे जहाजात इंधन भरण्यात, सिंगापूर बंदर जगात पहिले. २०२४ मध्ये तिथे सुमारे ५ कोटी ४९ लाख टन बंकर, म्हणजे जहाजाचे इंधन, विकले गेले. मर्चंट नेव्हीत इंजिनियर म्हणून जाणाऱ्या आपल्या मुलांवर हे काम कधी ना कधी येतेच.

इंधन कुणाकडून घ्यायचे? फक्त तिथल्या मेरिटाइम अँड पोर्ट ऑथॉरिटीचा परवाना असलेल्या पुरवठादाराकडून. बार्ज, म्हणजे इंधन घेऊन जहाजापर्यंत येणारी नौका, चालवणाऱ्यालाही वेगळा परवाना लागतो. जहाजावर स्क्रबर (धुरातले गंधक धुऊन काढणारे यंत्र) नसेल, तर इंधनातले गंधक ०.५० टक्क्यांच्या वर चालत नाही.

होज, म्हणजे इंधनाची नळी, जोडण्याआधी इंधनाची सेफ्टी डेटा शीट (त्याचे धोके आणि काळजी सांगणारा कागद) हातात हवी आणि सुरक्षा चेकलिस्टवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. डेकवरचे स्कपर, म्हणजे पाणी समुद्रात जाण्याची भोके, बंद करायचे. दिवसा लाल 'बी' झेंडा, रात्री लाल दिवा.

सगळ्यात जास्त लक्ष मीटरकडे द्या. २०१७ पासून तिथे फ्युएल ऑइलसाठी मास फ्लो मीटर (वाहणाऱ्या इंधनाचे वजन मोजणारा मीटर) सक्तीचा आहे आणि बिल त्याच आकड्यावर होते, तुमच्या टाक्यांच्या साऊंडिंगवर, म्हणजे टाकीतली पातळी मोजून काढलेल्या आकड्यावर, नाही. म्हणून स्वतः बार्जवर जा, सीलचे नंबर कागदाशी ताडून पाहा, सुरुवातीचे रीडिंग डोळ्यांनी बघा आणि मगच सही करा. पंपिंग संपल्यावर पुन्हा तेच. 'चीफसाहेब, इथे फक्त सही करा' म्हणून कागद पुढे आला तरी घाई करायची नाही. साऊंडिंग मात्र तरीही घ्याच. मोठी तफावत त्यातूनच कळते.

इंधनाचा नमुना जहाजाच्या मॅनिफोल्डवर (जिथे होज जोडतात तिथे), पंपिंग चालू असताना थेंबाथेंबाने घ्यायचा. तो सीलबंद करून किमान १२ महिने ठेवावा लागतो.

शेवटी बंकर डिलिव्हरी नोट, म्हणजे इंधन दिल्याची पावती. त्यात जहाजाचे नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), बंदर, तारीख, पुरवठादार, टनांमधले वजन, घनता, गंधक आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ पेट घेऊ शकते) तपासा. १ एप्रिल २०२५ पासून सिंगापूरला ही नोट मुख्यतः इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच मिळते. ती तीन वर्षे जपायची.

आकडा पटत नसेल तर बार्ज सुटण्याआधीच नोट ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे हरकतीचे पत्र, लेखी द्या. तोंडी तक्रारीला पुढे कुणी विचारत नाही. मग ऑइल रेकॉर्ड बुकात (जहाजावरच्या तेलाच्या नोंदवहीत) 'एच' कोडखाली ठिकाण, वेळ, इंधनाचा प्रकार आणि कोणत्या टाकीत किती घेतले ते लिहा.