इंजिन-पुनरुज्जीवन, जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचे (नाशिक)

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या इंजिनाची गेलेली ताकद व पिकअप, निर्मात्याने त्या काळी ठरवून दिलेले भाग आणि मापे वापरून परत मिळवण्याचे काम. गॅरेजमध्ये याला सरसकट ‘इंजिनकाम’ म्हणतात. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवणे, बोअर मारणे (सिलिंडर आतून कोरणे), व्हॉल्व्ह म्हणजे झडपा बसवणे हे त्यात आलेच. येथे एम.जी.ए. (१९५५–६२) या दोन आसनी ब्रिटिश मोटारीचा विचार मुख्यत्वे केला आहे. ‘मूळ भाग’ कशाला म्हणावे, हा प्रश्न भारतात याच इंजिनाबाबत सर्वांत अवघड होतो.

एम.जी.ए.च्या पहिल्या आवृत्तीतले इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले : चार सिलिंडर, १,४८९ घ. सेंमी., बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३.०२५ मिमी., स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८८.९ मिमी. या मालिकेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. ऑस्टिन ए-४० डेव्हन (१९४७) मोटारीचे १,२०० घ. सेंमी. इंजिन वाढवत नेऊन ती घडली, असे एक मत. १९५०-नंतरच्या काही वर्षांत ती जवळजवळ नव्याने आखली गेली, हे दुसरे. एकूण ठेवण पाहता पहिले मत अधिक पटते. मात्र मोठ्या बोअरसाठी ब्लॉक बदलावा लागला, एवढे दुसऱ्या पक्षाचे मान्य करावे लागते. दोन इनलेट (मिश्रण आत घेणारी) व तीन एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारी) अशी पाचही तोंडे हेडच्या एकाच बाजूला असणे, ही या इंजिनाची ओळख आणि श्वास घेण्याची मर्यादाही.

‘मूळ भागा’च्या वादाची मुळे मात्र भारतातली आहेत. १९५९-च्या सुमारास अँबॅसडरला हेच १,४८९ घ. सेंमी.चे इंजिन मिळाले आणि उत्तरपाडा येथील उत्पादन २०१४ पर्यंत चालले. त्यामुळे याच बोअर-स्ट्रोकच्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग येथे दीर्घकाळ सहज मिळत राहिले. काटेकोर संग्राहक अँबॅसडरचा भाग ‘मूळ’ मानत नाहीत. मेकॅनिक मंडळी ‘एकाच खानदानातला’ म्हणून तो निःशंक बसवतात. बेअरिंग वा रिंगांपुरते मेकॅनिकांचे म्हणणे मोडून काढणे कठीण आहे. कॅमशाफ्टबाबत (व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे व मिटायचे हे ठरवणारा दांडा) मात्र ते फसवे ठरते. एम.जी.ए.मध्ये इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या १६ अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५६ अंशांनी मिटतो. अँबॅसडरसारख्या कुटुंबाच्या गाडीचा कॅम याहून सौम्य असतो. तो बसतो बिनबोभाट आणि गाडीही गुळगुळीत चालते; पण वरच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन वेगाने फिरताना, ती दमते आणि मालक उगाच कार्बोरेटरला (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाला) दोष देत बसतो. सुमारे ७० अश्वशक्तीतला मोठा वाटा अशा न दिसणाऱ्या बदलांनी गळतो.

उलट टोकही आहे. साठ वर्षे डब्यात पडून राहिलेला न वापरलेला कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला विजेचा छोटा भाग) किंवा रबरी सील नावाला अस्सल असते, कामाला नाही. मापे मूळची आणि झिजणारा माल ताजा, हाच मार्ग प्रस्तुत लेखकास श्रेयस्कर वाटतो.

एस.यू. बनावटीच्या जोड-कार्बोरेटरांची परीक्षा साधी असते. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या आतला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) बोटाने उचलायचा व सोडायचा. तो ‘टक्’ असा धातूचा आवाज करीत बसला पाहिजे. अडखळला तर जेट (पेट्रोल येण्याचे बारीक तोंड) मध्यावर नाही किंवा त्यात सरकणारी सुई वाकली आहे. दोन्ही पिस्टन सारख्या वेगाने पडेपर्यंत पुढचे ट्यूनिंग व्यर्थ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचावर असल्याने येथील हवा पाच-सहा टक्के विरळ असते. त्यामुळे मुंबईत नेमके लावलेले मिश्रण येथे किंचित गाढ होते, प्लगवर काजळी धरते आणि थोडी ताकद कमीच मिळते. हा इंजिनाचा दोष नव्हे.

इंधनानेही मूळपणाला मर्यादा घातली आहे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर ओतीव लोखंडाच्या हेडमधील एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) झिजू लागण्याचा धोका वाढला. त्यावर कठीण धातूच्या सीट बसवतात. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप व बुचाची पॅकिंगे बदलणे भाग पडते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने हवे आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात.

सातपूर व अंबड औद्योगिक वसाहती आणि ओझरचा विमान कारखाना (१९६४) यांमुळे नाशिकला शतांश मिलिमीटरची भाषा कळणारे लेथवाले व ग्राइंडिंगवाले आहेत. इंची पाने, न मिळणारे सुटे भाग यांसाठी मात्र मुंबई गाठावी लागते. काम झालेल्या इंजिनाला आरंभीचे काही शे किलोमीटर जोर देत नाहीत. त्यानंतरची कसोटी कसारा घाटाची : चढ संपून इगतपुरीला पोहोचेपर्यंत पाण्याच्या तापमानाचा काटा जागेवर राहिला आणि वर थांबवून काढलेला प्लग फिकट तपकिरी निघाला, तर हेड पुन्हा उतरवावे लागत नाही.