नाक चोंदलेलं पोर आळशी नसतं

निपाणी-चिकोडीच्या तंबाखू पट्ट्यात दहावीतल्या पोराचं नाक महिनोन् महिने चोंदलेलं असतं, झोप तोंड उघडं टाकून, सकाळी घशात बेडका. घरचा उपाय ठरलेला: दही-केळं बंद. पण सायनस दही-केळ्यानं भरत नाही.

गालाच्या हाडात हवेची पोकळी असते, तीच सायनस, मोठ्या माणसात सुमारे 15 मिलीची. नाकात उघडणारं तिचं तोंड तळाला नसून वर, छताजवळ असतं. वरच्या काठाला नळ बसवलेल्या टाकीसारखं. मग शेंबूड वर चढतो कसा? अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. त्यांच्याभोवती पातळ थर, त्यावर चिकट थर. पुढं जाताना केस ताठ होऊन टोकानं चिकट थर ढकलतात. परतताना वाकून पातळ थरातून येतात. त्यामुळं शेंबूड एकाच दिशेनं सरकतो, मिनिटाला काही मिलिमीटर. ॲलर्जीनं पोकळीच्या तोंडाजवळचं अस्तर सुजलं की वाट बंद. आत प्राणवायू घटतो, केस मंदावतात, शेंबूड घट्ट होतो, जंतू माजतात, सूज आणखी वाढते. वखारीतली तंबाखूची धूळ आणि विडीचा धूर यांनी ते केस आणखी दुबळे होतात. म्हणूनच नाक मोकळं करायला पोराला तपकीर देऊ नये.

त्रास 12 आठवडे टिकला तर तो जुनाट. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा मुलांचं अंगदुखणं आणि हालचालींवरची मर्यादा दम्याच्या मुलांपेक्षाही जास्त आढळली. झोपमोड झालेल्या पोराचं गणितात लक्ष लागत नाही, आणि त्याचं डोकं दुखलं की आपण अर्धशिशी समजून ती मंत्रानं उतरवायला नेतो. त्यात उपचाराचे महिने वाया जातात.

नाक धुवायला पाणी उकळून कोमट करा. 240 मिलीत आयोडीन नसलेलं मीठ सव्वादोन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा किंचित कमी, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ नसेल तर नाक झोंबतं. बोअरचं पाणी न उकळता वापरलं तर त्यातला अमीबा मेंदूपर्यंत पोचू शकतो. पुढं वाकून, डोकं कलतं करून, तोंडानं श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी सोडा. ते पोकळीत फारसं शिरत नाही, पण पोकळीच्या तोंडाजवळचा चिकटा धुऊन निघतो. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे त्यानंतर: उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, रोख कानाकडं. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरीच पोरं चौथ्या दिवशीच तो सोडतात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडं नकोत, नाक उलट जास्त चोंदतं.

डोळ्याभोवती किंवा कपाळावर सूज, दोन-दोन दिसणं, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.