ठिपकेवाला होला

पारव्याच्या कुळातील (कोलंबिडी) लांब शेपटीचा, सडपातळ पक्षी. शास्त्रीय नाव स्पायलोपेलिया चायनेन्सिस. मराठीत त्याला ठिपक्या कवडा असेही म्हणतात. मात्र होला आणि कवडा ही नावे लोक चार-पाच जातींना सरसकट लावतात, आणि ओळखीचा घोळ तिथूनच सुरू होतो.

लांबी सुमारे ३० सेंमी., म्हणजे साळुंकीपेक्षा मोठा आणि पारव्यापेक्षा थोडा लहान, पण अंगाने बराच हलका. होला ओळखायचा तर आधी मान पाहावी. या जातीच्या मानेमागे काळा पट्टा असून त्यावर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात. पक्षी मान वाकवून दाणे टिपू लागला की हा पट्टा पसरून नीट दिसतो. छाती फिकट गुलाबी, पाय लालसर. भारतात आढळणाऱ्या उपजातीच्या तपकिरी पंखांवरही गुलाबीसर ठिपके असतात, चीनकडच्या पक्ष्यांत ते नसतात. काही अभ्यासक त्यामुळे आपल्याकडच्या होल्याला वेगळी जातच मानतात. नर-मादी सारखेच दिसतात. पिलाच्या मानेवर पट्टा नसतो. तिथे नवखा हमखास फसतो. अशा वेळी पक्षी उडेपर्यंत थांबावे, काळसर शेपटीच्या कडांची रुंद पांढरी टोके लगेच दिसतात.

छोटा तपकिरी होला याहून लहान. त्याची नक्षी मानेमागे नसून गळ्याशी असते, तांबूस रंगावर काळे ठिपके. कंठेरी होला राखी, मानेमागे फक्त एक काळी अर्धकडी. तांबड्या होल्याचा नर विटकरी रंगाचा. कोरड्या पठारी भागात, बाभळी-बोरीच्या माळावर बहुधा छोटा तपकिरी दिसतो. कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर आणि झाडी राखलेल्या शहरी वस्त्यांत ठिपकेवाला. पुण्यासारख्या, या दोन्ही प्रदेशांच्या सीमेवरच्या शहरात दोघेही भेटतात. गंमत अशी, की ठिपकेवाल्याच्या भारतीय उपजातीला सुरतेवरून सुरातेन्सिस आणि छोट्या तपकिरीच्या इकडच्या उपजातीला खंबायतवरून कांबायेन्सिस म्हणतात. दोन्ही नावे जर्मन निसर्गअभ्यासक योहान ग्मेलिन याने १७८९ मध्ये दिली.

होला जमिनीवर चालत गवताचे बी आणि धान्य टिपतो, बहुतेकदा जोडीने. माणूस अगदी जवळ येईपर्यंत तो नुसता बाजूला सरकत राहतो, मग एकदम पंख फडफडवत उठतो. विणीच्या दिवसांत नर पंख आपटत जवळजवळ सरळ वर चढतो आणि शेपटी पसरून तरंगत खाली येतो. दुपारच्या शांततेत ऐकू येणारे घोगरे ‘क्रू-क्रूक-क्रू’ याचेच. पाणी पिण्याची तऱ्हाही निराळी: चिमणी चोच भरून मान वर करते, होला चोच बुडवून सलग ओढून घेतो.

घरट्याला घरटे म्हणावे की नाही, असा प्रश्न पडतो. आडव्या फांदीवर, गॅलरीतल्या कुंडीत नाही तर खिडकीच्या छज्जावर मूठभर काड्या टाकल्या की झाले; खालून पाहिले तर फटींतून अंडी दिसतात. वीण जवळपास वर्षभर चालते, त्यामुळे एखादे घरटे वाऱ्याने किंवा कावळ्याने मोडले तरी जोडी पुन्हा मांडते. अंडी दोन, पांढरी. नर-मादी आळीपाळीने सुमारे दोन आठवडे उबवतात. पिले सुरुवातीला दाण्यांवर नव्हे, ‘पारवदुधा’वर वाढतात. आई आणि बाप दोघांच्याही अन्नपिशवीच्या आतील थरातून सुटणारा हा दह्यासारखा, प्रथिने व स्निग्धांश असलेला पदार्थ असतो. तो मिळवायला पिलू आपली चोच थेट त्यांच्या तोंडात घालते. आणखी दोनेक आठवड्यांत पिले घरटे सोडतात.

मूळ प्रदेश भारतीय उपखंडापासून चीन व आग्नेय आशियापर्यंत. माणसाने नेल्यामुळे ऑस्ट्रेलिया, हवाई आणि कॅलिफोर्नियातही तो रुजला आहे.