झुरळांवर किरणोत्सर्गाचा खरंच परिणाम होत नाही?

‘झुरळांवर किरणोत्सर्गाचा काहीच परिणाम होत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. त्यात थोडं तथ्य आहे. उपचार नसतील तर माणसाला ४ ते ५ ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) मात्रा जीवघेणी ठरू शकते. झुरळ त्याच्या कितीतरी पट सोसतं. कारण घाव जास्त बसतो तो विभागणाऱ्या पेशींवर, आणि झुरळाच्या पेशी मुख्यतः कात टाकतानाच विभागतात. पण सोसणं म्हणजे अभेद्य असणं नव्हे. अंतराळातली लोहासारखी जड अणुकेंद्रकं तर वाटेत दाट आयनीकरण करतात, म्हणजे वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात, आणि त्यातून डीएनए तुटतो. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की दुरुस्ती अवघड, मग पेशी मेंदूची असो वा आतड्याची. पडताळा हवा? १९५०च्या दशकापासून काही उपद्रवी माश्यांचे नर गॅमा किरणांनी वंध्य करून सोडले जातात, म्हणजे माद्यांना पिल्लं होत नाहीत आणि माश्या घटतात. कीटकांवर परिणामच होत नसता, तर हा उपाय चालला असता का?