आपल्या फटक्याला साजेशी टी

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटले, की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानापाशी आणून सोडतो, आणि तेथे दिसतात ते क्रिकेट खेळणारे किंवा फेऱ्या मारायला आलेले लोक. गोल्फ शिकू लागलेला नाशिककर खऱ्या कोर्सवर जातो, मग तो जवळपासचा असो की पुण्या-मुंबईचा, तेव्हा चेंडूला हात लावण्याआधीच त्याला एक निर्णय घ्यावा लागतो. प्रत्येक होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतच्या एकेका टप्प्याच्या, आरंभी निरनिराळ्या रंगांच्या खुणांच्या चार-पाच जोड्या मागेपुढे मांडलेल्या असतात. त्यांपैकी कोणत्या जोडीमधून, म्हणजे कोणत्या टीवरून, पहिला फटका मारायचा हे खेळाडूने स्वतःच ठरवायचे असते. बहुतेक जण मित्र जेथे उभे राहतात तेथेच उभे राहतात, किंवा लाल खुणा स्त्रियांच्या आणि पांढऱ्या पुरुषांच्या असे गृहीत धरतात. रंगांचा असा कोणताही सार्वत्रिक नियम नाही. टी निवडताना वय किंवा लिंग यांपेक्षा आपला चेंडू किती लांब जातो हे पाहणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते, आणि त्यामागचे कारण चेंडूच्या उड्डाणात दडलेले आहे.

चारशे यार्डांचा, म्हणजे सुमारे ३६६ मीटरचा, पार चारचा एक होल घेऊ. पार चार याचा अर्थ असा, की उत्तम खेळाडूने दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोहोचावे आणि दोन ‘पट’मध्ये, म्हणजे चेंडू हलकेच घरंगळवणाऱ्या दोन फटक्यांत, तो खळग्यात घालावा. तीनशे यार्ड मारणाऱ्या व्यावसायिकाला पहिल्या फटक्यानंतर शंभर यार्ड उरतात आणि तो आखूड दांड्याचा, तिरक्या पात्याचा वेज हातात घेतो. दोनशे यार्ड मारणाऱ्या हौशी खेळाडूला मात्र आणखी दोनशे यार्ड उरतात, म्हणजे आपला सर्वांत लांबचा फटका त्याला पुन्हा एकदा, आणि तोही टेकूशिवाय गवतावरून, तसाच्या तसा मारावा लागतो.

अडचण केवळ अंतराची असती, तर ती एखाद्या जादा फटक्याने भागली असती. खरी अडचण चेंडू खाली कसा येतो ही आहे. गोल्फचा चेंडू उलट्या दिशेने फिरत पुढे जातो. त्या फिरण्यामुळे आणि पृष्ठभागावरील खाचांमुळे हवा त्याच्या मागून खालच्या बाजूस वळवली जाते आणि चेंडूला वर उचलणारे बल मिळते. हे बल वेगाच्या साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेग थोडा कमी झाला, तरी उचल बरीच कमी होते. परिणामी मंद गतीने मारलेला लांब पल्ल्याचा फटका फारसा उंच जात नाही, उतरताना जमिनीशी लहान कोन करतो आणि ग्रीनवर पडूनही पलीकडे घरंगळत जातो. ग्रीनवर चेंडू थांबायचा असेल, तर तो ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उभ्या कोनात उतरणे चांगले मानतात. व्यावसायिकाचा सात नंबरचा आयर्न, म्हणजे मध्यम पल्ल्याची धातूच्या पात्याची काठी, हे सहज साधतो. हौशी खेळाडूच्या फेअरवे वूडला, म्हणजे गवतावरून लांब मारण्याच्या मोठ्या डोक्याच्या काठीला, ते बहुधा साधत नाही. त्यामुळे मागच्या टीवरून खेळणारा दुबळा खेळाडू अंतर तर गमावतोच, शिवाय चेंडू थांबवण्याचे साधनही गमावून बसतो, आणि ग्रीनपुढील बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी त्याच्यासाठी दुप्पट धोकादायक होते.

कोर्सची काठिण्यपातळी मोजणाऱ्यांनी ही विषमता आकड्यांत बसवलेली आहे. या मापनात दोन आदर्श पुरुष खेळाडू कल्पिलेले असतात: टीवरून सुमारे २५० यार्ड मारणारा ‘स्क्रॅच’ आणि सुमारे २०० यार्ड मारणारा ‘बोगी’. स्त्रियांसाठी हेच आकडे २१० आणि १५० आहेत. अडथळे बाजूला ठेवून केवळ लांबीचा विचार केला, तर कोर्स २२० यार्डांनी वाढला की स्क्रॅच पुरुषाचा एक फटका वाढतो. बोगी पुरुषाचा मात्र १६० यार्डांतच वाढतो. स्त्रियांमध्ये हे अंतर अनुक्रमे १८० आणि १२० यार्ड आहे. म्हणजे ६,५०० यार्डांच्या टीवरून ५,४०० यार्डांच्या टीवर आल्यास स्क्रॅच पुरुषाचे पाच फटके वाचतात आणि बोगी पुरुषाचे जवळजवळ सात. लांबीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे ‘पुढच्या टीने सगळ्यांचाच खेळ सोपा होतो’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

मग कोणी किती लांबीचा कोर्स खेळावा? २०११ मध्ये अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि पीजीए ऑफ अमेरिका यांनी ‘टी इट फॉरवर्ड’ ही मोहीम सुरू केली आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे टीवरून सर्वांत लांब मारण्याच्या काठीच्या, सरासरी अंतरावरून कोर्सची लांबी सुचवली. २५० यार्ड मारणाऱ्याने ६,२०० ते ६,४००, २२५ मारणाऱ्याने ५,८०० ते ६,०००, २०० मारणाऱ्याने ५,२०० ते ५,४०० आणि १५० मारणाऱ्याने ३,५०० ते ३,७०० यार्ड खेळावे, असे ते कोष्टक सांगते. शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कित्येक कोर्सवर सर्वांत पुढची टीदेखील पाच हजार यार्डांच्या आसपास असते. तेव्हा १५० यार्ड मारणाऱ्या स्त्रीने किंवा सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी कितीही समंजसपणे टी निवडली, तरी त्यांच्या मापाची टी तेथे नसतेच. हा दोष खेळाडूचा नाही, कोर्स आखणाऱ्याचा आहे.

कोष्टक वापरताना सरासरी म्हणजे खरोखरच सरासरी धरावी. माणसाला वाऱ्याच्या साथीने उतारावर गेलेला एखादा फटका वर्षभर लक्षात राहतो आणि झाडीत गेलेले दहा विसरतात. क्लबचा, म्हणजे हातातील काठीचा, वेग हाही पुरेसा निकष नाही. अमेरिकेतील महिला व्यावसायिकांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर असतो, आणि सर्वसाधारण हौशी पुरुषाचा वेगही जवळपास तेवढाच भरतो. तरी त्या खेळाडूंचा चेंडू हवेतच सुमारे २१८ यार्ड जातो, कारण तो पात्याच्या मध्यभागी लागतो. हौशी माणसाचा फटका कडेला लागून तीच ऊर्जा वाया घालवतो.

नाशिककरांनी हिशेबात धरावी अशी एक गोष्ट हवेची आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा काही टक्क्यांनी विरळ असते, आणि त्यामुळे चेंडूचा पल्ला साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. दोनशे यार्डांच्या फटक्याला हा लाभ चार-पाच यार्डांचा, म्हणजे चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबवर उतरल्यावर तेवढेच गमावायचे. पुणे जवळजवळ आपल्याच उंचीवर असल्याने तेथे काही फरक पडत नाही. (दमट हवा जड असते आणि चेंडू अडवते ही समजूत चुकीची आहे, पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते.) याहून कितीतरी मोठा फरक पावसाळा पाडतो. मे महिन्यातल्या टणक जमिनीवर टप्पा पडल्यानंतर चेंडू बराच पळतो, तर जुलैच्या भिजलेल्या मातीत तो पडल्या जागी रुतून बसतो. म्हणून उन्हाळ्यात सोयीची वाटलेली टी पावसाळ्यात एक जोडी पुढे सरकवणे रास्त आहे.

पुढे सरकल्याने हँडिकॅपचा, म्हणजे कमी कसबी खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीचा, गैरफायदा मिळतो हा आक्षेप वारंवार ऐकू येतो, परंतु २०२० पासून लागू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत त्याचा बंदोबस्त केलेला आहे. प्रत्येक टीला स्वतंत्र कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूला तेथून अपेक्षित फटके) आणि स्लोप रेटिंग (स्क्रॅचच्या तुलनेत बोगी खेळाडूला ती टी किती जड जाते याचे माप) दिलेले असते. स्लोप ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो. खेळाडूच्या हँडिकॅप इंडेक्सला, म्हणजे त्याच्या कौशल्याच्या आकड्याला, स्लोपने गुणून ११३ ने भागायचे आणि त्यात कोर्स रेटिंग व पार यांतील फरक मिळवायचा. समजा इंडेक्स २० आणि कोर्सचा एकूण पार ७२ आहे. मागच्या टीचे रेटिंग ७१.५ व स्लोप १२५ असेल, तर २२ फटक्यांची सूट मिळेल, आणि पुढच्या टीचे रेटिंग ६६.५ व स्लोप ११५ असेल, तर केवळ १५. जे सात फटके पुढे येऊन वाचतात, तेच सुटीतून कापले जातात. त्यामुळे चौघांच्या गटात तिघे पांढऱ्या आणि एक जण लाल टीवरून खेळला, तरी स्पर्धा समतोल राहते.

कोष्टक हाताशी नसेल, तर फेरी संपल्यावर पार चारच्या होलवर दुसऱ्या फटक्यासाठी कोणता क्लब काढावा लागला ते आठवावे. निम्म्याहून अधिक वेळा फेअरवे वूड लागला असेल, तर पुढच्या खेपेस एक टी पुढे यावे. जवळजवळ प्रत्येक होलवर वेजच हातात आला असेल, तर एक टी मागे जावे.