एका सिरिंजमध्ये किती लशी मावतात?

फ्लूची लस दरवर्षी, कोविडची अधूनमधून, वय झालं की आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची आणखी वेगळी. एवढी टोचाटोची करण्यापेक्षा सगळं एकाच सिरिंजमध्ये का भरत नाहीत? प्रश्न रास्त आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस तर १९७१ सालीच आली.

पण गोवराचा विषाणू गुणी, लशीला चकवेल असा बदलत नाही. १९५४ साली एका आजारी मुलाकडून मिळवलेल्या विषाणूचे वंशज आजही गोवराच्या बहुतेक लशींत आहेत आणि काम चोख करतात. फ्लूच्या लशीत विषाणूचे कोणते प्रकार घ्यायचे, याची मात्र जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा नवी निवड करावी लागते. कोविडचा विषाणूही रूप पालटत राहतो. आरएसव्ही त्या मानाने सावकाश बदलतो, त्याच्या लशीचा एक डोस एकाहून जास्त हंगाम पुरतो. तिघांची मोट बांधली, तर आरएसव्हीची लस विनाकारण दरवर्षी टोचली जाणार.

दुसरी अडचण मात्रेची. एमआरएनए लशीत (विषाणूचं प्रथिन बनवण्याची सूचना शरीराला देणाऱ्या लशीत) घटक वाढवले की एकूण मात्रा वाढते, दंड जास्त दुखतो, कणकण येते. हात आखडता घेतला, तर एखादा घटक उपाशी राहतो. ऑगस्ट २०२४मध्ये फायझर आणि बायोएनटेकच्या फ्लू-कोविड जोडलशीचं असंच झालं: फ्लू-ए आणि कोविडविरुद्धचा प्रतिसाद ठीक, फ्लू-बीवर लस कमी पडली. मॉडर्नाच्या जोडलशीला मात्र त्याच वर्षी पन्नाशीपुढच्यांच्या चाचणीत चांगलं यश आलं.

मला स्वतःला वेगळीच जोडी जास्त जुळणारी वाटते: आरएसव्ही आणि २००१ साली नेदरलँड्समध्ये सापडलेला एचएमपीव्ही हा श्वसनमार्गाचाच विषाणू. दोघे एकाच कुळातले, दोघांच्याही अंगावर ‘एफ’ नावाचं प्रथिन. ते दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखं असतं. पेशीला भिडलं की उसळून लांब होतं आणि विषाणूला आत शिरवतं. सर्वात प्रभावी प्रतिपिंडं चिकटतात ती न उसळलेल्या रूपाला. १९६०च्या दशकातल्या आरएसव्ही लशीत हे रूप टिकलंच नव्हतं. ती घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला, दोन बाळं दगावली. स्प्रिंग जागच्या जागी कशी अडकवून ठेवायची हे २०१३मध्ये कळलं, आणि दहा वर्षांत लस मंजूर झाली. एचएमपीव्हीच्या स्प्रिंगलाही तशीच खीळ घालून जोडलशी तपासल्या जात आहेत.